पाट्यांवरची गाडी आणि तिला पेलेल एवढीच मोटर : ‘ट्रेल फाइंडर २’ किटचे परीक्षण

खडकांवरून सावकाश चढणाऱ्या रेडिओ-नियंत्रित गाड्यांना या छंदातले लोक क्रॉलर म्हणतात, आणि त्यांत सध्या दोन निरनिराळ्या प्रकृतीच्या गाड्या मिळतात. पहिल्या प्रकारची गाडी मुळात चढण्यासाठीच घडवलेली असते. ॲक्सियलची एससीएक्स१० मालिका किंवा ट्रॅक्ससची २०१७ साली आलेली टीआरएक्स-४ ही तिची उदाहरणे आहेत : एक्सल दांड्यांनी चॅसीला जोडलेले, भार कॉइल स्प्रिंगच्या शॉकवर, आणि टीआरएक्स-४ मध्ये तर पोर्टल एक्सलमुळे डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून आणखी वर उचललेला. दुसऱ्या प्रकारची गाडी आधी खऱ्या गाडीसारखी असते आणि त्यानंतर, जमेल तितकी, चढते. आरसी४डब्ल्यूडी या अमेरिकी कंपनीचे ‘ट्रेल फाइंडर २’ हे १:१० प्रमाणातले किट या दुसऱ्या प्रकारातले आहे. त्याची शिडीसारखी चॅसी धातूची आहे, एक्सलची घरे ओतीव धातूची आहेत, गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटून देणारी पेटी) आहे, आणि चारही चाकांवर कॉइल स्प्रिंग नसून पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा, आहेत. किट मी स्वतः जोडले, रंगवले, आणि दीड वर्षापासून ती गाडी नियमित चालवते आहे. किटमध्ये मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक नियंत्रक), सर्व्हो (पुढची चाके वळवणारी छोटी मोटर), रेडिओ आणि बॅटरी येत नाहीत. त्या ज्याच्या त्याने निवडायच्या असतात. गाडी खरी वाटणार की खेळणे वाटणार, हे या निवडीवरच ठरते असे माझे मत झाले आहे, म्हणून हे परीक्षण किटइतकेच मोटरचेही आहे.

मी हे किट का निवडले, ते आधी सांगते. माझे वडील साताऱ्याकडे बरीच वर्षे वडाप चालवत असत. महिंद्राची कमांडर होती, पुढे-मागे पाटे असलेली. ती रिकामी असली की प्रत्येक खड्ड्याला दणका द्यायची आणि माणसांनी भरली की जड, संथ, डुलत चालायची. ते डुलणे माझ्या अंगात मुरलेले आहे. दांड्यांच्या सस्पेन्शनची क्रॉलर खडकावर चढते तेव्हा तिची चाके चार दिशांना सैल लोंबतात आणि बॉडी मधोमध स्थिर राहते. दृश्य उत्तम असते, पण घाटात पाहिलेल्या कुठल्याही जुन्या जीपची त्यातून आठवण होत नाही. मला ती आठवण हवी होती. या किटबरोबर मी घेतलेली ‘मोहावी’ नावाची बॉडी १९८०च्या दशकातल्या टोयोटा पिकअपच्या वळणाची आहे. अमेरिकेत त्या पिकअपच्या फोर-व्हील-ड्राइव्ह प्रकाराला १९८५ पर्यंत पुढेही सरळ, अखंड एक्सल आणि पाटे होते. तमिया या जपानी मॉडेल-कंपनीने १९८१ साली हायलक्सचे आणि १९८५ साली तीन गिअर असलेले ‘ब्रुझर’ हे मॉडेल काढले, तेही याच पिकअपच्या घराण्यातले. भारतात २०२२ पासून विकली जाणारी हायलक्स ही या घराण्याचीच, पण तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आहे. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाला या प्रतिकृतीत हायलक्सपेक्षा जुन्या महिंद्राची चाल अधिक दिसेल.

जोडणीबद्दल थोडक्यात. मला चार शनिवार-रविवार लागले. जवळजवळ सगळीकडे धातूत धातूचा स्क्रू बसतो, त्यामुळे प्रत्येक स्क्रूला निळे, म्हणजे पुन्हा सुटू शकणारे थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारे चिकटद्रव्य) लावणे अनिवार्य आहे. मी दोन शाफ्टच्या ग्रब स्क्रूंना ते लावायचे विसरले आणि दुसऱ्याच फेरीत मागचा शाफ्ट निखळला. पाना चांगल्या पोलादाचा घ्यावा, कारण स्वस्त ॲलन कीची टोके झिजतात आणि जाताना स्क्रूचे डोकेही घेऊन जातात. बॉडी कठीण प्लास्टिकची आहे, पारदर्शक पॉलिकार्बोनेटची नाही, म्हणून ती आतून रंगवायची नसून खऱ्या गाडीसारखी बाहेरून, प्रायमर मारून रंगवावी लागते. पुण्यात जुलैत लॅकरचा फवारा मारू नये. दमट हवेत रंग वाळताना त्यावर दुधी धूसरपणा येतो आणि तो घासून पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागते.

आता पाट्यांविषयी, कारण खरे नाट्य तिथेच आहे. नवे पाटे कडक असतात. हा किटचा दोष नव्हे. पानांवर पाने घासून झिजेपर्यंत कुठलाही पाटा कडकच असतो, आणि प्रतिकृतीत तर तो प्रश्न आणखी वाढतो, कारण पोलादाची पट्टी ज्या हिशेबाने लहान होते त्या हिशेबाने वजन लहान होत नाही. लांबी-रुंदी-उंची तिन्ही दहापट कमी केल्या की वजन हजारपट कमी व्हायला हवे, म्हणजे दीड टनाच्या पिकअपची प्रतिकृती दीड किलोची. माझी गाडी बॅटरीसह सुमारे ३ किलो भरते. तरीही पहिल्या दिवशी चॅसी दाबली तर पाटे जेमतेम हलत होते. वडिलांनी गाडी हातात घेतली, मागच्या बाजूने दोनदा दाबली आणि म्हणाले, “एक पान काढ गं, नुसती दणके खाईल ही.” मी पुढून एक आणि मागून दोन पाने काढली, उरलेल्या पानांच्या कडा बारीक पॉलिश कागदाने गोल केल्या आणि मध्ये कोरडी ग्रॅफाइटची भुकटी घातली. खऱ्या जीपच्या पाट्यांना लोक जळके ऑइल मारतात, पण इथे ते करू नये. टेकडीवरची माती त्या तेलाला चिकटते आणि पाने पुन्हा घट्ट होतात. एवढे केल्यावर गाडी बसली, म्हणजे तिच्या स्वतःच्या वजनाने पाट्यांना जी थोडी सपाटी यायला हवी ती आली, आणि तिथून पुढे ती खऱ्यासारखी चालू लागली. दांड्यांच्या क्रॉलरइतकी चाकांची उचल मात्र तिला कधीच मिळणार नाही. एक चाक हवेत राहणे हे या गाडीच्या चालीतच आहे, आणि दोन्ही एक्सल पूर्ण लॉक असल्याने, म्हणजे डावे-उजवे चाक एकत्रच फिरत असल्याने, उरलेली तीन चाके तिला ओढून नेतात. त्याची किंमत वळणावर मोजावी लागते; सपाटीवर ती रुंद वळते आणि आतले चाक घासत जाते.

पहिली मोटर मी घरात पडून असलेली लावली, रस्त्यावरच्या शर्यती-गाडीतली २१ टर्नची. ५४० आकाराच्या सगळ्या मोटरींचा शाफ्ट ३.१७ मिलिमीटरचा आणि स्क्रूची भोके सारखी असल्याने ती सहज बसली. बसते म्हणून चालेल, हा माझा गैरसमज वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत पहिल्याच चढावर दूर झाला. रिमोटचा ट्रिगर किंचित दाबला की गाडी आधी काहीच करीत नव्हती आणि मग एकदम उडी मारत होती. उडी मारताना मागचा एक्सल चाकांच्या उलट दिशेने स्वतःभोवती पिळला जात होता. पाट्याचा पुढचा भाग वर आणि मागचा खाली असा इंग्रजी एस अक्षरासारखा वाकत होता, मग चाकाची पकड सुटली की पाटा झटक्यात सरळ होत होता, आणि हे इतक्या भराभर घडत होते की गाडी जागच्या जागी टुणटुणत होती. दांड्यांच्या गाडीत एक्सलला मिळणारा हा पीळ दांड्या थोपवतात. पाट्यांच्या गाडीत तो थोपवायला पाट्याशिवाय दुसरे कोणी नसते, आणि पाने काढून मी तोच पाटा मऊ केला होता. म्हणजे गाडी खरी दिसावी म्हणून जे करायचे, त्यानेच तिची ताकद सोसण्याची शक्ती कमी होते. दुसरा परिणाम आडवा होता : मोटरचा जोर शाफ्टमधून जाताना चॅसीला उलट दिशेने कलंडवतो, आणि तीव्र चढावर माझी गाडी दर वेळी एकाच कुशीवर झुकत होती. दहाव्या-बाराव्या प्रयत्नाला मोटर इतकी तापली की बोट ठेवता येईना.

या मोटरीत ताकद नव्हती असे नाही. तिची ताकद फार वरच्या फेऱ्यांना होती. ब्रश, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे, असलेल्या मोटरीत टर्न म्हणजे आर्मेचरच्या, म्हणजे त्या फिरत्या भागाच्या, प्रत्येक दातावर तारेचे किती वेढे आहेत तो आकडा. वेढे वाढले की त्याच व्होल्टेजला फेरे कमी होतात आणि दर ॲम्पिअरमागे मिळणारा पीळ वाढतो. क्रॉलरसाठी म्हणून ३५, ४५ आणि ५५ टर्नच्या मोटरी विकल्या जातात त्या याच कारणाने. ब्रशलेस मोटरीत हीच गोष्ट केव्ही या आकड्याने सांगतात, म्हणजे भार नसताना दर व्होल्टला मिनिटाचे किती फेरे. उदाहरण म्हणून मोटर ते चाक एकूण घट ४०:१, म्हणजे मोटरच्या ४० फेऱ्यांना चाकाचा एक फेरा, आणि चाकाचा व्यास १०० मिलिमीटर धरू. १,२०० केव्हीची मोटर दोन सेलच्या ७.४ व्होल्टवर मिनिटाला ८,८८० फेरे घेईल, चाक २२२ फेरे घेईल, आणि गाडी ताशी सुमारे ४.२ किलोमीटरने, म्हणजे माणसाच्या चालीने, जाईल. दहापट करून पाहिले तर हा खऱ्या गाडीचा ताशी ४२ किलोमीटर झाला, जो कच्च्या रस्त्यावरच्या पिकअपला शोभतो. त्याच गाडीत ३,३०० केव्हीची मोटर तीन सेलवर लावली तर उत्तर ताशी १७ किलोमीटर, म्हणजे खऱ्या मापात १७० च्या पुढे जाते. हा वेग कधी वापरायचाच नसेल तर ट्रिगरच्या पहिल्या दहा टक्क्यांतच सगळे चालवणे उरकावे लागते, आणि नेमक्या त्याच टप्प्यात अशी मोटर सर्वांत अडखळते.

खरेपणाच्या हिशेबात आणखी एक गोष्ट येते, जी मला फार उशिरा कळली. गाडी दहापट लहान होते, पण गुरुत्वाकर्षण लहान होत नाही. दगडावरून चाक खाली पडायला प्रतिकृतीत जो वेळ लागतो, त्याच्या सुमारे ३.२ पट वेळ खऱ्या गाडीत लागतो, कारण वेळ अंतराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. चित्रपटांत प्रतिकृतींचे दृश्य जास्त फ्रेमगतीने चित्रित करून संथ दाखवतात ते यासाठीच. आपल्यासमोर चालणारी गाडी अशी संथ करता येत नाही. आदळणे टाळणे एवढेच आपल्या हातात असते. चाक दगडावर चढून पलीकडे उतरेपर्यंत त्याचा वेग आपल्या ताब्यात असेल, ते पडू न देता ठेवता आले, तरच पाहणाऱ्याच्या डोळ्याला वजन जाणवते. म्हणून योग्य मोटर शोधताना मी वरचा वेग पाहणे सोडले आणि सर्वांत खालचा वेग पाहू लागले : ट्रिगरच्या पहिल्या हालचालीला चाक न अडखळता किती हळू फिरते, आणि ट्रिगर सोडल्यावर उतारावर गाडी कुठे थांबते.

या कसोटीवर ५५ टर्नची, पाच दातांच्या आर्मेचरची ब्रश मोटर माझ्या गाडीला सर्वांत मानवली. नेहमीच्या आर्मेचरला तीन दात असतात. पाच असले की चुंबकाशी होणारी ओढाताण लहान तुकड्यांत विभागली जाते आणि अगदी कमी फेऱ्यांनाही मोटर एकसारखी फिरते. दोन सेलवर ही मोटर फारच संथ वाटली, टेकडीच्या पायवाटेवर मला दर चार पावलांनी थांबावे लागत होते, म्हणून मी तीन सेलची लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी, लावली. फेरे व्होल्टेजला टर्नने भागून येणाऱ्या आकड्याच्या प्रमाणात असतात, त्यामुळे तीन सेलवरची ५५ टर्न आणि दोन सेलवरची ३५ टर्न यांचा वेग जवळपास सारखाच पडतो. पण तेवढ्याच कामाला तीन सेलच्या मांडणीत करंट सुमारे दोन-तृतीयांश लागतो. मोटरच्या आतली उष्णता याने फारशी कमी होत नाही, असा माझा अनुभव आणि हिशेबही आहे. ईएससी, तारा आणि जोड मात्र बरेच थंड राहतात. नवी मोटर लावण्याआधी ती मोकळी, ३ व्होल्टच्या आसपास काही मिनिटे फिरवून ब्रश बसवून घ्यावेत. पिनियन, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरचा लहान गिअर, उपलब्धांपैकी सर्वांत लहान घ्यावा, आणि पिनियन व तो ज्याला फिरवतो त्या स्पर गिअरच्या दातांत वहीच्या कागदाची पट्टी घालून, ती चुरगळेल पण फाटणार नाही इतके अंतर ठेवून मोटर आवळावी.

ईएससी म्हणून मी हॉबीविंगचा क्विकरन १०८० वापरते. तो ब्रश मोटरीसाठी आहे, दोन ते तीन सेल चालवतो, पाण्यापासून सुरक्षित आहे आणि त्यातला ड्रॅग ब्रेक, म्हणजे ट्रिगर सोडताच आपोआप लागणारा ब्रेक, कमी-जास्त करता येतो. मी तो पूर्ण ठेवला आहे. तरीही ब्रश मोटरीतला हा ब्रेक मोटर फिरत असेपर्यंतच रोखतो, त्यामुळे फार तीव्र उतारावर गाडी अगदी मंद गतीने खाली सरकत राहते. टर्न जास्त आणि गिअरची घट मोठी असली की हे सरकणे जवळजवळ दिसेनासे होते. याच कंपनीची ‘फ्यूजन’ ही ब्रशलेस मोटर, जिच्या डब्यातच ईएससी बसवलेला असतो, एका मित्राच्या गाडीत मी चालवून पाहिली. तिची १,२०० केव्हीची आवृत्ती कमी फेऱ्यांना तितकीच गुळगुळीत आहे, तारांचा गुंता वाचतो, आणि उतारावर ती गाडी खिळा मारल्यासारखी धरून ठेवते, कारण ती थांबलेल्या रोटरलाही सक्रियपणे जागेवर रोखते. आज नव्याने सुरुवात करणाऱ्याला, खिसा परवानगी देत असेल तर, मी तीच सुचवीन. मी माझी बदलली नाही याचे कारण आवाज आहे. ब्रश मोटर चढावर जो घोगरा, ओढ घेतल्यासारखा सूर काढते, तो मला या बॉडीखाली हवा आहे.

सर्व्होच्या बाबतीत एक इशारा देणे आवश्यक वाटते. चाके अरुंद असल्याने १५ ते २० किलो पिळाचा सर्व्हो पुरतो, पण चाक दोन दगडांत अडकले की तो ईएससीच्या बीईसीमधून, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होला ठरावीक व्होल्टेज पुरवणाऱ्या भागातून, इतका करंट खेचू शकतो की रिसीव्हरला क्षणभर व्होल्टेज मिळत नाही आणि गाडी मध्येच मुकी होते. माझ्या एका जुन्या ईएससीबरोबर हे दोनदा झाले. एकदा गाडी खाणीच्या काठावर होती. त्यानंतर मी सर्व्होला स्वतंत्र बीईसी दिला.

वजनाचा प्रश्न बॉडीमुळे येतो. कठीण प्लास्टिकची बॉडी, तिच्यातला अंतर्भाग, काचा, आणि त्यावर हौसेने लावलेले टपाचे कॅरिअर, पाण्याचे कॅन, फावडे, हे सगळे वजन सर्वांत वर बसते. मी सुरुवातीला टपावर बरेच काही लादले होते. दिसत सुंदर होते, पण आडव्या उतारावर गाडी दुसऱ्या कुठल्याही कारणाविना कलंडत होती. आता टपावर फक्त रिकामे कॅरिअर आहे, सामान मागच्या हौद्यात तळाशी आहे, बॅटरी जमेल तितकी पुढे आणि खाली सरकवली आहे आणि पुढच्या चाकांच्या आत शिशाच्या चिकटपट्ट्या आहेत. चाकांतले हे वजन स्प्रिंगच्या खाली असल्याने पाट्यांवर त्याचा भार पडत नाही, आणि पुढची बाजू जड झाल्याने चढावर नाक उचलले जाण्याचे थांबले. मोटरला हे वजन फिरवावे लागते हे खरे, पण ५५ टर्नला त्याचे काही वाटत नाही.

गाडी मी दोन प्रकारच्या दगडांवर चालवली आहे आणि त्यांतला फरक सांगण्यासारखा आहे. पुण्याच्या टेकड्यांवरचा काळा बेसाल्ट कोरडा असताना चांगली पकड देतो, पण त्यावर बारीक मुरूम पसरलेला असतो आणि टायर त्या गोळ्यांवरून घसरतो. इथे ताकद वाढवली की गाडी फक्त खड्डा खणते. रत्नागिरीच्या सड्यावरचा जांभा छिद्राछिद्रांचा आणि खरखरीत असतो, टायर त्यात रुततो आणि गाडी कल्पनेपेक्षा जास्त चढते. याच पकडीमुळे तिथे शाफ्टवर आणि यू-जॉइंटच्या पिनांवर सर्वाधिक ताण येतो, कारण चाक घसरत नाही आणि मोटरचा सगळा जोर कुठेतरी मुरावाच लागतो. २१ टर्नची मोटर घेऊन मी तिथे गेले असते तर काहीतरी नक्की तुटले असते. ५५ टर्नवर दोन दिवसांत एकही पिन वाकली नाही. पावसाळ्यानंतर मात्र गाडी उघडून बेअरिंग आणि चॅसीच्या कडा पाहाव्यात. लाल चिखल वाळू दिला तर पोलाद गंजायला एक आठवडा पुरतो.

ज्यांना स्पर्धेतल्या खुणांच्या मधून गाडी न्यायची आहे, किंवा मुलाच्या हाती पहिली गाडी द्यायची आहे, त्यांनी हे किट घेऊ नये; दांड्यांची गाडी कमी पैशांत जास्त चढेल आणि सुटे भागही सहज मिळतील. हे किट आपल्याकडे बहुधा बाहेरूनच मागवावे लागते, आणि त्यावर वाहतूक व सीमाशुल्क धरून खर्च बराच वाढतो, म्हणून पाट्यांच्या पानांचा एक जादा संच आणि शाफ्टच्या पिना पहिल्याच मागणीत घेऊन ठेवाव्यात. ज्यांना गाडी हाताने जोडायची आहे आणि तिच्या मागून सावकाश चालत जायचे आहे, त्यांनी ते डोळे झाकून घ्यावे. माझ्या गाडीचे पाटे आता दीड वर्षाच्या घासण्याने बरेच मऊ झाले आहेत, आणि वडिलांच्या मते मागचे काढलेले एक पान परत घालण्याची वेळ आली आहे. येत्या रविवारी ते घालून, त्याच मोटरीवर, खाणीच्या त्याच चढावर पुन्हा जाऊन पाहणार आहे.